उसवलेले साल

शहापूरच्या ज्या गल्लीत अजून चार-दोन माग चालतात, तिथल्या नागेंद्रच्या दुकानात पूर्णिमा एकोणीस वर्षे एकाच यंत्रापाशी काम करते आहे. यंत्र म्हणजे एक मोठा सपाट स्कॅनर. दोघांची ताटे शेजारी मांडता येतील एवढी त्याची काच. नागेंद्रच्या वडिलांनी तो विणकरांसाठी आणला होता. जुन्या साडीचा पदर काचेवर पसरायचा, नक्षी उतरवून घ्यायची आणि नव्या मागावर चढवायची, असा त्यांचा बेत होता. माग कमी झाले तसे पदर येईनासे झाले आणि त्यांच्या जागी झेरॉक्सच्या यंत्रात घालता येत नाही असे सगळे येऊ लागले. काचेसकट भिंतीवरून उतरवलेले आजोबा, कुस्तीतली पदके, जत्रेतल्या मुखवट्याचा तुटका कान, देव्हाऱ्यातले चांदीचे टाक.

असल्या वस्तू घ्यायची रीत पूर्णिमाला कुणी शिकवली नाही. यंत्राचे झाकण तिने पहिल्याच वर्षी काढून ठेवले, कारण उंच वस्तूवर ते बसत नाही आणि बळेच बसवले तर काच तडकते. झाकणाऐवजी ती काळे मखमली कापड टाकते. जुनी चौकट ती कधी उघडत नाही. फोटो काचेला चिकटलेला असतो आणि काच उचलताच चेहरा सोलून निघतो. चौकटीच्या चार कोपऱ्यांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून ती काचेतूनच फोटो घेते. यंत्रातला दिवा एका बाजूने तिरपा पडत पुढे सरकतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याची सावली दुसऱ्या बाजूला पडते. म्हणून उठावाची वस्तू ती चार वेळा घेते, दर वेळी पाव फेरा वळवून. एका दिशेने जे सावलीत लपते ते दुसऱ्या दिशेने उघडे पडते. नागेंद्रला नवे, पातळ यंत्र आणायचे होते. पूर्णिमानेच अडवले. नवे यंत्र काचेला टेकलेले तेवढेच पाहते. हे जुने अर्ध्या बोटाइतके वरचेही पाहते.

दुसऱ्यांच्या घरातल्या मृतांचे चेहरे बुरशीतून आणि पाण्याच्या डागांतून सोडवण्यात तिची एकोणीस वर्षे गेली. तिच्या स्वतःच्या आईचा एकही फोटो नव्हता. आई, मंगल, तापाने गेली तेव्हा पूर्णिमा चार वर्षांची होती, असे तिला सांगण्यात आले होते. पुढच्या वर्षी वडिलांनी, मष्णूने, शालूबाईशी लग्न केले आणि शालूबाईने पूर्णिमाला वाढवले. कडोलीच्या अलीकडच्या त्या घरात आईची खूण म्हणावी अशी एकच वस्तू होती आणि ती शालूबाईच्या गळ्यात होती: एक चांदीचा टाक.

पहिली बायको वारल्यावर जो दुसरी करतो, त्याच्या घरी हा टाक घडवतात. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर पहिलीची आकृती ठोकून काढायची, मागे लाख भरायची, तांब्याचा पत्रा बसवायचा आणि दुसरीने तो गळ्यात घालायचा. पहिलीची जागा मान्य केल्याशिवाय दुसरीला त्या घरात उभे राहता येत नाही, असा त्यामागचा समज. बारा वर्षांपूर्वी मष्णू वारला तेव्हा शालूबाईने मंगळसूत्र काढले. टाक काढला नाही. पूर्णिमाने लहानपणी तो पुष्कळदा हातात धरून पाहिला होता, पण शालूबाईच्या गळ्यात असतानाच. त्यावरची आकृती घासून इतकी गुळगुळीत झाली होती की चेहरा कुठला आणि पदर कुठला हे कळत नसे.

गेल्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, शालूबाईची कंबर धरली. पूर्णिमा तिला आपल्या घरी घेऊन आली आणि डॉक्टरांनी एमआरआय सांगितला.

"आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढा," तिथला माणूस म्हणाला.

शालूबाईने कानातली फुले काढून दिली आणि गळ्यावर हात ठेवला. "हे ऱ्हाऊ दे की रं बाबा. लग्नापासनं हलवलं न्हाय."

"यंत्र ओढून घेतंय, आजी. टाकासंगं तुम्ही पण जाशीला आत."

"जाईन की. कोण अडवलंय."

"मग तुमच्या लेकीला मला जाब द्यावा लागंल."

शालूबाई हसली आणि तिने मान खाली घातली. पूर्णिमाने दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. गाठ इतकी जुनी होती की ती सुटली नाही. कातरीने कापावी लागली.

"पूर्णे, पर्समधी ठेव," आत जाता जाता शालूबाई म्हणाली. "कुणाला दावत बसू नको."

घरी आल्यावर गोळीच्या गुंगीने शालूबाईला झोप लागली. टाक पर्समध्येच राहिला आणि दुपारी पूर्णिमा तशीच दुकानात गेली.

टाक काचेवर ठेवताना आपण कुणाचा विश्वास मोडतो आहोत असे तिला वाटले नाही. नागेंद्र तर घरातल्यासारखाच होता.

"कुणाचा टाक, आक्का?" त्याने विचारले.

"माझ्या आईचा."

"आईनं दिला?"

"नाही. आईच आहे ही."

नागेंद्रने वाकून पाहिले. "आमच्यात हे नसतं बघा. आमच्याकडं दुसरीसमोर पहिलीचं नाव काढलं तर त्या दिवशी चूल पेटत नाही."

तिने चार दिशांनी चार प्रती घेतल्या आणि एकावर एक ठेवून पाहिल्या. समोरच्या बाजूला आईचा असा चेहरा नव्हता. म्हणजे झिजून गेला होता असे नव्हे; तो कधी नव्हताच. सोनाराने साच्यातली कुठलीही एक सवाष्ण काढली होती: नाक, नथ, हातात पानाचा विडा. चाळीस वर्षे आपण जिच्याकडे आई म्हणून पाहिले ती कुणीही असू शकली असती, हे पाहून ती खट्टू झाली. मग तिने टाक उलटा केला. तांब्याच्या पत्र्यावर ओरखडे होते, गिऱ्हाइकाच्या ओळखीसाठी सोनार टोच्याने काढतात तसे. नुसत्या डोळ्यांना ते वाचता येत नव्हते. तिरप्या उजेडात आले. मंगल, आणि त्याखाली ८५.

तिला बरे वाटले. पंच्याऐंशी साली ती चार वर्षांची होती. ऐकलेली गोष्ट आणि धातूवरचे साल जुळत होते. चेहरा नाही मिळाला, तारीख तरी मिळाली.

त्याच उत्साहात तिने मामाची चौकट काढली. भावकूमामा खानापूर तालुक्यातला. आठ दिवसांपूर्वी तो ती दुकानात ठेवून गेला होता. मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेले दोन पोपट, मधे आंब्याची डहाळी, खाली लाल दोऱ्यात 'मंगल'. मागच्या पुठ्ठ्याला वाळवी लागली होती. सगळे खाऊन जायच्या आत एक छापील प्रत करून हवी होती. "तुझ्या आईनं लग्नाआधी भरलेलं," असे तो अनेक वर्षे सांगत आला होता.

पट्ट्या ठेवून तिने ती काचेतूनच घेतली. पोपट पडद्यावर उतरले. टाके तिला वाटले होते तितके नेटके नव्हते. काही फुल्या एका बाजूला ओढलेल्या होत्या, जणू भरणाऱ्या बोटांना सुई नीट धरता येत नसावी. नाव आले. नावाखाली कोरे कापड होते. पण मोठे करून पाहताना त्या कोऱ्या पट्टीत काही भोके शेजारच्या भोकांहून रुंद दिसली. मॅटीच्या कापडाला भोके असतातच, सगळी सारखी. ज्यातून दोरा गेलेला असतो ती मात्र ताणली जातात आणि दोरा उसवला तरी ताणलेलीच राहतात.

पूर्णिमाने चौकट पाव फेरा वळवून पुन्हा घेतली. पुन्हा वळवली. मग चौकड्यांच्या कागदावर एकेक भोक पेन्सिलीने मांडले. एक. नऊ. आठ. शेवटचा अंक तिने तीनदा मोजला. तो त्याच्या आधीच्या अंकासारखाच होता.

यंत्राची चूक असेल, काचेवरची धूळ असेल, असे तिने म्हणून पाहिले. मग आजवर जे कधी केले नव्हते ते केले: चौकट उलटी करून वाळवीने पोखरलेला पुठ्ठा हाताने काढला. कापडाच्या पाठीवर, शेवटच्या आठाच्या टोकाला, लाल दोऱ्याची एक गाठ राहून गेली होती. उसवणाऱ्याला समोरून ती दिसली नसावी.

पंच्याऐंशी साली मेलेल्या बाईने अठ्ठ्याऐंशी साली हे पोपट भरले होते.

नागेंद्र काहीतरी विचारत होता. तिला शब्द ऐकू येत होते आणि अर्थ लागत नव्हता. ती स्टुलावर बसली.  एवढेच तिला कळत होते की या दोन वस्तूंपैकी एक खोटी आहे, आणि सुईने काढलेली खोटी असण्याचे काही कारण नाही.

चार वाजता भावकूमामा प्रत न्यायला आला. बाहत्तर वर्षांचा, छत्री काखेत.

"मामा, हे आईनं कधी केलं?"

"सांगितलं की. लग्नाआधी. बिनकामाची बसायची न्हाई ती."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "इथं वाचा."

"काय हाय तिथं? कापड हाय."

"भोकं आहेत. बोट ठेवून मोजा."

मामाने चष्मा लावला. त्याचे बोट पडद्यावरून सरकत शेवटच्या अंकाशी आले आणि तिथेच राहिले. "धागं तर म्या सगळं काढलं हुतं," तो म्हणाला. तिला म्हणाला नाही, यंत्राला म्हणाल्यासारखा.

नागेंद्र उठून बाहेर गेला.

मग मामाने सांगितले. मंगलच्या पाठीवर आणि हातावर चट्टा उठला होता. महारोग. मष्णूने तिला दवाखान्यात नेऊन ठेवले आणि महिन्याभराने भाऊबंदांना घेऊन मामाच्या दारी आला.

"म्हणाले, पोर हाय पदरात. आईला तो रोग म्हटल्यावर उद्या हिला कोण करून घील? आई न्हाईच म्हटलं तर कोण इचारत न्हाय. टाक बी करून आणलावता. दावला आम्हाला."

"ती जिवंत असताना?"

"दवाखान्यात हुती."

"आणि तुम्ही?"

मामाने छत्री काखेतून काढून मांडीवर आडवी ठेवली. "आम्हाला बी दोन पोरी हुत्या, पूर्णे."

त्याच सुमारास त्या रोगावर नवी औषधे आली होती. दोन वर्षांत मंगल बरी झाली. बोटे थोडी आखडली, नाक थोडे बसले, पण रोग गेला. बरे व्हायला शरीराला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ समाजाला लागतो. आणि मधल्या काळात समाजाने जो निकाल दिलेला असतो तो मागे घेण्याची सोय त्याने ठेवलेली नसते.

"डाक्टरनं कागद दिला, बरी झाली म्हणून," मामा म्हणाला. "कागद कुणाला दावायचा? मेलेल्या माणसाचा?"

"मग ती कुठे होती?"

"आमच्यात. मागच्या सोप्यात. चौऱ्याण्णवला काविळीनं गेली."

पूर्णिमाने मनात वर्षे मांडली. लहानपणी तिला आजोळी कधी पाठवले नव्हते. बांधावरून भांडण आहे, असे कारण होते. मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदा पाठवले ते पंच्याण्णव साली, ती चौदा वर्षांची असताना. मागच्या सोप्यातच तिचे अंथरूण घातले होते. भिंतीला नवा चुना दिलेला होता आणि त्याचा वास तिला आवडला होता.

"तिला मला भेटावंसं वाटलं नाही?"

"एकदा गेलती. हेच कापड घेऊन, तुला द्यायला. मोकळ्या हातानं परत आली आन म्हणाली, पोरीला कळू देऊ नका. कापड चार दिवसांनी मष्णूनं माघारी धाडलं. तिथं काय झालं ते तिनं सांगितलं न्हाय. शालूला ठावं."

"आणि साल तुम्ही उसवलंत."

"तू यायला लागलीस तवा. नाव काढवंना."

ती घरी आली तेव्हा शालूबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती. पूर्णिमा तिला पहिल्यापासून मावशी म्हणत असे.

"मावशी, आई पंच्याऐंशीला गेली नव्हती."

शालूबाईने आधी दाराकडे पाहिले, जणू कुणी मागून येत असावे. "भावकू बोलला व्हय. तोंड उघडलं म्हणायचं म्हाताऱ्यानं."

"तुला माहीत होतं?"

"लग्नात न्हाई. लग्नात मला टाक घातला, मी घातला. दोन वर्सं तिला वंदत हुते. सणाला आधी तिचा निवद, मग माझं पान."

"मग कधी कळलं?"

"नवमीला."

पितृपक्षातली अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. ती सवाष्ण त्या दिवसापुरती मृत बाई मानली जाते. मष्णू होता तोवर त्या घरात ही नवमी कधी चुकली नव्हती.

"त्या वर्सी शेजारच्यांच्या भावकीत मयत झालती," शालूबाई सांगू लागली. "सगळ्यांना सुतक. सवाष्ण मिळंना. मी दारात उभी. एक बाई आली रस्त्यानं, हातात पिशवी, हिरव्या बांगड्या. म्हटलं, नवमी हाय गं बाई, जेवशील काय? म्हणाली, जेवीन की. नंतर मला उमगलं, ती दिवस बघूनच आलती. तुझ्या आजीची नवमी ती ह्या घरात असताना तीच करायची. दार उघडं असतंय, सवाष्णीला कोण परत लावत न्हाय, एवढं तिला ठावं हुतं."

"तुला ओळखू आली नाही?"

"कशी येईल? मी कवा बघितलेली? पाय धुतले म्या तिचं. दोन बोटं नव्हती. वाटलं, इळा लागला असंल. पाटावर बसवली. जेवता जेवता इचारलं तिनं, कुणाची नवमी? म्हटलं, सवतीची. नाव काय हुतं? म्हटलं, मंगल."

शालूबाईने उशी पाठीशी वर ओढली. पूर्णिमा उभीच होती.

"घास तसाच हातात. मग खाल्ला. पान सगळं संपवलं तिनं, काय टाकलं न्हाय. मी खीर वाढायला वाकले तर टाक लोंबला तिच्या म्होरं. बघितला आन म्हणाली, सोनारानं नाक बेस काढलंय गं. माझं आता तसं ऱ्हायलं न्हाई."

पूर्णिमाने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"मी हसले, पूर्णे. तवा मला कळलं आन मी हसले. हातात पळी आन हसायलीय. भीतीनं हसत्यात न्हवं का, तसं. ती बी हसली."

आपल्याच नावाच्या पानावर जेवून उठणारी बाई आणि तिला जेवू घालणारी बाई, दोघींनाही रडण्याची मुभा नव्हती. रडले असते तर शेजारी आले असते.

"मग?"

"मग तू आलीस शाळेतनं. दप्तर टाकलंस. खीर हाय काय म्हणालीस."

पूर्णिमाला हे कुणी सांगितले नव्हते. ती सात वर्षांची होती. सातव्या वर्षीचे तिला पुष्कळ आठवते, शाळेची फरशी, बाईंची हिरवी छत्री. तिने त्या दुपारची आठवण शोधली. घर होते, पाट होता, पाटावर कुणी नव्हते.

"मी काय केलं?"

"नवमीच्या सवाष्णीला करतात तेच. मीच म्हटलं, पूर्णे, पाया पड. दुसरं काय सुचंना मला. तू वाकलीस."

"ती काय म्हणाली?"

"काय न्हाय. पाय मागं घेतले. लुगड्यात झाकले." शालूबाईने स्वतःचे पाय पांघरुणात ओढले, कमरेतून कळ आली असावी, पण ती थांबली नाही. "तुला वाटलं, नीट पडले न्हाई मी. म्हणून परत सरकलीस पुढं. तिनं परत मागं घेतले. पाठ भिंतीला लागली तरी मागंच घ्यायलीती. बरी झालीती गं ती. कागद हुता तिच्यापाशी. तरी मागं घेत हुती."

"आणि मी?"

"तू रुसलीस. म्हणालीस, ही बाई पाया पडू दीना. आन गेलीस खेळायला. तू परत यायच्या आत ती निघाली. कापड दिलं माझ्याजवळ. मी म्हटलं, थांब, त्यांना येऊ दे. म्हणाली, नको, पोरीचं नीट चाललंय. टाकाला हात लावून बघितला तिनं. आन म्हणाली, काढू नको आता."

खाली गल्लीत कुणाचे तरी लग्नाचे सामान टेम्पोतून उतरत होते; माणसे एकमेकांना दिशा सांगत होती. शालूबाईने गळ्यापाशी हात नेला, तिथे काही नाही हे तिला पुन्हा जाणवले, आणि तिने मान थोडी पुढे केली.

"दे तेवढा. बांध."

पूर्णिमाने पर्समधून टाक काढला. कापलेला दोरा त्याला तसाच होता. तिने तो शालूबाईच्या हातात दिला आणि ती पलंगाच्या कडेला बसली. बांधला नाही. शालूबाईनेही बांध असे पुन्हा म्हटले नाही. मूठ मिटून ती बसून राहिली, आणि थोड्या वेळाने तिने आपले पाय पांघरुणातून बाहेर, पूर्णिमाच्या बाजूला काढले.